एक्केचाळिसावं नाव

संघदीप शहारेच्या कॉम्प्युटरवर एक फाइल होती. तिचं नाव होतं ‘नंदलाल’. तिच्यात तारखा होत्या आणि प्रत्येक तारखेपुढे एकेक वाक्य.

१२ जुलै २००२. ‘ए नवेगाव, चाय बोल दे.’

३ जानेवारी २००३. ‘ग्राहक आया तो तू पीछे बैठ. तेरी बोली से दुकान का वजन कम होता है.’

अशा सव्वीस नोंदी. शेवटची १८ डिसेंबर २००४ ची, आणि तिच्यापुढे एकच शब्द होता: माइक.

माणसं वाईट दिवस विसरायचा प्रयत्न करतात. संघदीपने ते टाइप करून ठेवले, त्यांची प्रत पेनड्राइव्हवर घेतली, पुढे पेनड्राइव्ह जुना झाला तेव्हा नवीन घेऊन त्यावर उतरवली. बारा वर्षांत त्याचे तीन कॉम्प्युटर मेले. ही फाइल मेली नाही.

तो नवेगाव बांधचा. बाप सेवकराम जंगलखात्याच्या रोपवाटिकेत रोजंदारीवर, माय लीलाबाई दुसऱ्याच्या बांधीत, भाताच्या खाचरात, रोवणा करणारी. १९९९ साली बारावी करून तो गोंदियाला डिप्लोमा करायला गेला, कॉम्प्युटरचा. देवलगाव स्टेशनातून पॅसेंजर पकडायची, पोहे बांधून न्यायचे, संध्याकाळी परत. पहिल्या वर्षी त्याच्या वाट्याला कॉम्प्युटर आठवड्यातून पाऊण तास येई. उरलेले दिवस तो वहीत प्रोग्राम लिहायचा आणि गाडीत बसल्या बसल्या तो डोक्यात चालवून बघायचा. त्याच्या चुका त्याला देवलगावला सापडत आणि दुरुस्त्या गोंदियाला.

२००२ मध्ये तो नंदलाल सेठच्या दुकानात लागला. दुकानाचं नाव नंदश्री वेब. बाजारात कापडाच्या ओळीत पहिल्या माळ्यावर. खाली साड्या, वर वेबसाइट. नंदलाल सेठला कॉम्प्युटर चालू करता येत नव्हता आणि त्याची त्याला लाज नव्हती. बोलणं मात्र असं, की मिठाईवाल्याला, लॉजवाल्याला, शाळेच्या संचालकाला अर्ध्या तासात पटायचं की इंटरनेटवर नाव नसेल तर आपण जगात नाही. सेठ नाव विकायचा. बांधायचा संघदीप, मागच्या खोलीत. तिथे खिडकी नव्हती आणि पंखा सर्व्हरसाठी होता.

इथे सेठची एक सवय सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावरून झालं. नंदलाल सेठ कोणतीच वस्तू स्वतःच्या नावावर घेत नसे. स्कूटर स्वयंपाक्याच्या नावावर. गोदामाचं विजेचं मीटर सुखराम नावाच्या जुन्या हमालाच्या नावावर. टेलिफोन मुनीमजीच्या नावावर. पुढेमागे कसली नोटीस आलीच तर ती दुसऱ्याच्या दारात जावी, एवढा साधा हिशोब. ‘कागज पे मैं गरीब आदमी हूँ,’ असं तो हसून सांगायचा. संघदीपने विचारलं, साइटचं नाव नोंदवायचं तर मालक म्हणून कुणाचं लिहू, तेव्हा सेठने वरही पाहिलं नाही. ‘तेरा डाल दे.’

साइटचं नाव म्हणजे डोमेन. जमिनीचा सातबारा असतो तसा त्याचा एक उतारा असतो, आणि त्यात ज्याचं नाव आणि ज्याचा ईमेल तो मालक. बांधणारा कोण, पैसे भरणारा कोण, हे त्यात विचारत नाहीत. चार वर्षांत संघदीपने एक्केचाळीस नावं नोंदवली. एक्केचाळीस उताऱ्यांवर संघदीप सेवकराम शहारे, मुक्काम नवेगाव बांध. एक्केचाळिसावं नाव खुद्द सेठच्या दुकानाचं.

त्यातलं सगळ्यात मोठं काम होतं तांदूळ व्यापाऱ्यांच्या मंडळाचं. मंडळाला फक्त सभासदांची यादी आणि अध्यक्षांचा फोटो हवा होता. संघदीपने न सांगता एक पान जास्तीचं केलं. त्या पानावर अठरा धानांची नावं होती, प्रत्येकाखाली चार-पाच ओळी. लुचई कसा ओळखायचा, हिरानकीची लोंबी कशी वाकते, कोणता धान उशिरा पिकतो. ओळी त्याच्या, माहिती मायची. लीलाबाईला पाती पाहून धान ओळखता यायचा, आणि ती सांगायची तसंच त्याने लिहिलं होतं. चिन्नोरापुढे लिहिलं होतं: ‘हा शिजला की तिसऱ्या घराला कळतो.’ आयुष्यात त्याने लिहिलेली ती पहिली गोष्ट. दोन महिने तो दर रविवारी मायसोबत बांधीवर जाऊन वही भरत होता. लीलाबाई म्हणायची, ‘शिकला कायले मंग, माह्याच मागं मागं फिरून राहिला तर.’

१८ डिसेंबर २००४ ला मंडळाच्या सभागृहात त्या साइटचं उद्घाटन झालं. नागपूरहून पाहुणे आले होते. पडद्यावर ते पान उघडलं तेव्हा पाहुण्यांनी चिन्नोराची ओळ मोठ्याने वाचली आणि म्हणाले, हे ज्यांनी लिहिलं त्यांना भात खाता येतो आणि लिहिताही येतं. सभागृह हसलं, टाळ्या वाजल्या. नंदलाल सेठ उठून उभा राहिला आणि त्याने हात जोडले.

मागे तारांजवळ उभ्या संघदीपला आधी वाटलं, सेठ आता आपलं नाव घेईल. सेठ हात जोडून पुन्हा बसला. पानाच्या तळाशी ‘लेखन : नंदलाल सेठ’ असं आदल्या दिवशी त्यानेच संघदीपकडून टाकून घेतलं होतं, ‘अभी के लिए’ म्हणून.

मग पाहुण्यांनी विचारलं, हे चालवायचं कसं ते कोणी दाखवेल का. सेठचा इलाज नव्हता. संघदीप पुढे आला, माइक हातात घेतला आणि त्याच्या तोंडून आधी साइट चालवायची रीत निघालीच नाही. तो म्हणाला, ‘हा पान काऊन बनवलो, ते सांगतो.’

एवढंच. समोरच्या रांगेतून कुणीतरी ‘का’ऐवजी आलेल्या ‘काऊन’ची नक्कल केली. हसू मागच्या रांगेपर्यंत गेलं. पाहुणेही हसले, वाईट मनाने नसतील, पण हसले. संघदीप थांबला. त्याला पुढचं वाक्य माहीत होतं, तोंडात आलं होतं. तेवढ्यात सेठने येऊन माइक त्याच्या हातातून घेतला. ‘बस, हो गया,’ तो सभागृहाला म्हणाला. ‘ये हमारा नवेगाव है. तार जोडता है.’

महिन्याभराने ती अठरा धानं मंडळाच्या स्मरणिकेत छापून आली, सेठच्या फोटोसकट. संघदीप आणखी दीड वर्ष तिथेच राहिला, कारण घरी वीटभट्टीचं काम सोडून दुसरं काही नव्हतं आणि त्याला अजून शिकायचं बाकी होतं. सेठकडून नाही, सेठच्या कॉम्प्युटरवरून. २००६ च्या जूनमध्ये त्याने नोकरी सोडली तेव्हा सेठ म्हणाला, जा, तुझ्यासारखे पोरं बाहेर लाइनीत उभे आहेत.

गावी परत आल्यावर लोकांनी विचारलं, नोकरी गेली का. त्याने सांगितलं, नोकरी नाही, कामं घेणार, घरी बसून. ते कुणाला कळलं नाही. सेवकरामला तर मुळीच नाही, पण त्याने रोपवाटिकेतून सागाच्या फळ्या आणून टेबल ठोकून दिलं. जुना कॉम्प्युटर, टेलिफोनची तार, आणि भारनियमन. वीज दिवसातून बारा-बारा तास जायची. संघदीपने तिचं वेळापत्रक भिंतीवर लावलं आणि आपला दिवस त्याला बांधला. वीज असली की कोड, नसली की कागदावर लिखाण. त्यामुळेच तो लेखक झाला असं तो पुढे भाषणात सांगायचा, आणि ते खरंही होतं. अंधारात बसून त्याने साइट कशी बांधायची ते मराठीत लिहायला घेतलं, मायला समजावं तसं. भंडाऱ्याच्या एका साप्ताहिकाने ते छापलं. मग दर आठवड्याला छापू लागलं.

कामं हळूहळू आली. पहिलं एका अर्जुनीच्या कृषी केंद्राचं. दुसरं थेट आयर्लंडमधल्या एका घोडेवाल्याचं, इंटरनेटवरच्या एका कामाच्या बाजारातून. त्या माणसाने त्याला कधी पाहिलं नाही, बोली ऐकली नाही, फक्त काम पाहिलं आणि साइटच्या तळाशी स्वतःहून त्याचं नाव लिहिलं. संघदीपने ते पान छापून भिंतीवर लावलं, विजेच्या वेळापत्रकाशेजारी. सेठच्या एक्केचाळीस साइटींवर मिळून त्याचं नाव एकदाही नव्हतं.

एवढं जमत होतं, पण माइक जमत नव्हता. चार माणसांसमोर उभं राहिलं की ‘काऊन’ची नक्कल कानात वाजायची आणि जीभ आखडायची. गावात विहारासमोर दर चौदा एप्रिलला सभा होते, आणि २००७ मध्ये समितीने त्याचं नाव वक्त्यांत टाकलं. गावातला शिकलेला पोरगा म्हणून. तो उठला, ‘बंधू आणि भगिनींनो’ म्हणाला, आणि संपलं. पुढे काही नाही.

त्या गावाची एक रीत आहे. कधी पडली कुणाला आठवत नाही. बोलणारा अडकला, लहान पोर गाथा म्हणता म्हणता विसरलं, तर समोर बसलेल्या बाया हसत नाहीत, कुजबुजत नाहीत. त्या हात जोडून सावकाश तीनदा ‘साधू’ म्हणतात, चांगलं बोलल्यावर म्हणतात तसंच. तेवढ्यात अडकलेल्याला श्वास घेता येतो. त्या दिवशी पहिला ‘साधू’ लीलाबाईचा होता. मग साठ-सत्तर बायांचा. संघदीपने श्वास घेतला आणि वीस मिनिटं बोलला, आपल्या बोलीत.

त्यानंतर तो थांबला नाही. शाळांत बोलला, साकोलीच्या, अर्जुनीच्या कॉलेजांत बोलला, बचत गटांच्या मेळाव्यात बोलला. २०११ मध्ये साप्ताहिकातल्या लेखांचं पुस्तक स्वतःच काढलं आणि भाषण झाल्यावर टेबल मांडून विकलं. त्याच वर्षी त्याचं लग्न झालं. बायको रश्मी अर्जुनीच्या शाळेत शिक्षिका. ती घरात आली आणि महिन्याभरात तिला ती फाइल सापडली. तिने सगळ्या नोंदी वाचल्या, मग म्हणाली, ‘एवढं मन लावून मले एक पत्र लिहिलं नाही तुमी.’

त्याने हसून फाइल बंद केली. पण एक गोष्ट त्याने तिला त्या दिवशी दाखवली. नोकरी सोडल्यापासून दरवर्षी त्याच्या ईमेलवर एक्केचाळीस सूचना येत. अमुक नावाची मुदत संपत आहे. मग दोन दिवसांनी दुसरी, मुदत वाढवली आहे. सेठच्या दुकानातला कोणी नवा पोरगा दुकानाच्या खात्यातून मुदत वाढवायचा आणि मालकाच्या रकान्यात कुणाचं नाव आहे ते कोणीच बघायचं नाही. बघायचं कायले, सेठची स्कूटरही स्वयंपाक्याच्याच नावावर होती.

‘म्हणजे हे सगळं तुमचं?’ रश्मीने विचारलं.

‘कागदावर.’

‘मग बंद काऊन नाही केलं?’

त्याचं उत्तर त्याने किती वर्षं घोटून ठेवलं होतं. बंद केलं तर सेठ एक माणूस बोलावेल, तो माणूस दोन दिवस खपेल, आणि सेठला तोंड उघडावं लागणार नाही. ‘मले त्याचं तोंड पाहिजे,’ तो म्हणाला. ‘माइकपुढे.’

मिठाईवाला आणि शाळावाले यात कुठून आले, एवढंच रश्मीने विचारलं. त्याला त्याचं उत्तर तयार नव्हतं.

जानेवारी २०१३ मध्ये फोन आला.

‘हॅलो, संघदीप बेटा?’

चार वर्षांच्या नोकरीत सेठने त्याला नावाने एकदाही हाक मारली नव्हती. संघदीपने आवाज ओळखला आणि मुद्दाम विचारलं, कोण बोलून राहिले. सेठने सांगितलं. तब्येत विचारली, माय-बापाची विचारली, तुझं नाव पेपरात वाचतो म्हणाला. मग मुद्दा. वय झालं, मुलगा रायपूरला स्थायिक, दुकान नागपूरच्या एका कंपनीला द्यायचं ठरलं आहे. कंपनी म्हणजे काय घेणार, तर चाळीस गिऱ्हाइकं. पण कंपनीच्या माणसाने कागद काढले तर सगळीकडे तूच. ‘तू बस एक बटन दबा दे बेटा.’

संघदीप म्हणाला, असं फोनवर होत नाही, या.

सेठ आला, फेब्रुवारीत, भाड्याच्या गाडीने. तो बराच वाळला होता. अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून त्याने टेबलाकडे, भिंतीवरच्या आयर्लंडच्या पानाकडे पाहिलं. लीलाबाईने चहा आणला आणि जेवून जा म्हणाली. तिला तो कोण ते माहीत होतं, पण दारात आलेला माणूस तिच्या लेखी दारात आलेला माणूस होता. संघदीपने मनात नोंद केली की सेठने कप दोन्ही हातांनी धरला.

‘बटन दाबतो,’ तो म्हणाला. ‘एक अट आहे.’

सेठने खिशाकडे हात नेला.

‘ते नाही. चौदा एप्रिलला आमच्या विहारापुढे सभा असते. तिथं या. माइकवर उभं राहून सांगा की साइटी मी बांधल्या. तांदळाचं पान लीलाबाई शहारे आणि तिच्या पोरानं लिहिलं, मी नाही, असं सांगा. एवढं बोलून खाली बसायचं. त्याच्यापुढं एक शब्द नाही.’

‘मंच पे? सबके सामने?’

‘माझंही सबके सामनेच झालं होतं सेठजी.’

सेठने कपातली साय बोटाने बाजूला केली. ‘कितने लोग रहते हैं?’ त्याने विचारलं. संघदीपने सांगितलं, पाचशे. ते तीनशेच असत.

दोन महिने संघदीप त्या संध्याकाळवर जगला. कामं करताना, भाषणाला जाताना, त्याच्या डोळ्यांपुढे एकच चित्र असायचं. सेठ माइकपुढे उभा, हिंदी आणि मराठी एकमेकांत अडकलेली. आणि गाव हसतंय. पहिल्या रांगेपासून मागच्या रांगेपर्यंत, तसंच. त्याने स्वतः कुठे उभं राहायचं तेही ठरवलं होतं. मागे, तारांजवळ.

चौदा एप्रिलला सहा वाजता सभा सुरू झाली. निळ्या झेंड्याखाली मंच, समोर सतरंज्या, बाया पांढऱ्या लुगड्यांत पुढे. सेठ खरोखरच आला. त्याने चष्मा लावला, खिशातून कागद काढला. सुरुवात बरी केली. वंदन केलं, मग गिऱ्हाइकांची नावं एकेक वाचायला लागला, ही साइट संघदीपने बांधली, ही पण संघदीपने. गाव ऐकत होतं. मग तो तांदळावर आला. ‘वो जो पान था, धान का,’ तो म्हणाला, ‘ते मी...’

आणि थांबला.

कागदावर पुढे लिहिलेलं होतं, दोनच शब्द. सेठ ते पाहत होता. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. माइकातून त्याचा श्वास ऐकू येत होता. मागे तारांजवळ उभ्या संघदीपने दात आवळले. आता. आठ वर्षं चार महिने. आता हसा.

‘साधू,’ असा एक आवाज आला.

लीलाबाईचा आवाज त्याने कुठेही ओळखला असता. ती पुढच्या रांगेत हात जोडून बसली होती. मग सगळ्या बाया, सावकाश, तीनदा. सेठने मान वर केली. त्याला ते काय आहे कळलं नाही, पण आपल्या बाजूचं आहे एवढं कळलं. त्याने श्वास घेतला आणि म्हणाला, ‘ते मी लिहिलं नाही. लीलाबाई शहारे आणि तिच्या मुलाने लिहिलं.’

टाळ्या पडल्या. चांगल्या कडकडून. इथे त्याने बसायचं होतं. पण टाळ्या म्हणजे काय ते नंदलाल सेठला जन्मापासून माहीत होतं. त्याची पाठ ताठ झाली, कागद खिशात गेला.

‘लेकिन भाइयों,’ तो म्हणाला, ‘हा हिरा पहिल्यांदा कोणी पाहिला? मी याला कॉम्प्युटरसमोर बसवलं. मी याला चार वर्षं शिकवलं. लोक म्हणायचे, देहाती पोरगा आहे, मी म्हणालो नाही, एक दिवस मंचावर बोलेल. आज तो माझ्या मुलासारखा...’ इथे त्याचा गळा भरून आला, आणि तो खरोखर भरला होता. त्यातलं अर्धं त्याला स्वतःलाही पटलं असणार. गाव उठून टाळ्या वाजवत होतं. समितीने त्याला फुलांचा गुच्छ दिला. सूत्रसंचालकाने घोषणा केली की आता आदरणीय गुरुजींच्या शिष्याने मंचावर यावं.

संघदीप मंचावर गेला नाही. तो मागच्या मागे घरी गेला.

लीलाबाई आली तेव्हा तो अंधार पडत असलेल्या अंगणात बसला होता. त्याने तिला विचारलं, तू काऊन बोलली. आवाज चढला होता. मायसमोर तो कधी असा बोलला नव्हता.

लीलाबाईने लुगड्याचा पदर सोडवला. ‘अडकला होता तो,’ ती म्हणाली.

‘मीच अडकवला होता त्याले!’

‘ते मले का मालूम. आन् मालूम असतं तरी.’ ती पाण्याच्या घड्याकडे गेली, तांब्या भरला, त्याच्या पुढ्यात ठेवला. ‘माह्या धानाचं नाव माह्या नावासकट माइकवर घेतलं ना त्यानं. मले पुरलं.’

मले नाही पुरलं, तो म्हणाला, पण ती आत गेली होती. सेवकराम खाटेवरून सगळं ऐकत होता. तो एवढंच म्हणाला की सेठ बोलला बाकी फाकडा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता वीज होती. संघदीपने कॉम्प्युटर चालू केला आणि रश्मीला बोलावलं. तिने दोन वर्षांपूर्वी विचारलं होतं त्याचं उत्तर आता तयार होतं. मिठाईवाल्याचं नाव मिठाईवाल्याला. शाळेचं शाळेला, लॉजचं लॉजला, तांदूळ मंडळाचं मंडळाला. सेठला नाही, नागपूरच्या कंपनीला नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या थेट हातात. त्याने चाळीस पत्रं लिहिली, साधी, मायला समजतील अशी: आपल्या दुकानाचं इंटरनेटवरचं नाव आजवर दुसऱ्याच्या ताब्यात होतं, ते आजपासून आपलं आहे, या किल्लीने उघडा, आणि ही किल्ली कुणी मागितली तरी देऊ नका. ज्यांना ईमेल वाचता येत नव्हता त्यांची पाकिटं रश्मीने शाळेत जाताना पोस्टात टाकली. ती म्हणाली, ‘हे मले पटलं.’ मग क्षणभर थांबून म्हणाली, ‘पटलं म्हणून तुमी केलं नाही, ते बी मालूम आहे.’

चार दिवसांनी सेठचा फोन आला. या वेळी बेटा नव्हता.

नागपूरवाले मागे हटले होते. गिऱ्हाइकांच्या किल्ल्या गिऱ्हाइकांकडे असतील तर दुकानात विकत घ्यायला उरलं काय, दोन टेबलं आणि एक पंखा. सेठ ओरडला, मग विनवलं, मग पुन्हा ओरडला. तू शब्द दिला होता, म्हणाला.

‘दिला होता. मोडला,’ संघदीप म्हणाला. ‘एवढं बोलून खाली बसा म्हटलं होतं. तुमी बसले नाही.’

‘अरे मैंने तेरी तारीफ की!’

‘मी ती मागितली नव्हती सेठजी. तुमचं तोंड बंद पाहिजे होतं, एक मिनिट. तेवढंही तुमच्यानं झालं नाही.’

मग सेठने हळू आवाजात विचारलं, ‘मेरा वाला? नंदश्री?’

‘ते माझ्याकडे आहे.’

‘वो तो मेरा नाम है.’

‘कागदावर माझं आहे,’ संघदीप म्हणाला, आणि फोन ठेवला.

त्याच दुपारी त्याने नंदश्रीची साइट उतरवली. फिरती चित्रं गेली, ‘आपका विश्वास, हमारा प्रयास’ गेलं, सेठचा फोटो गेला. तिथे एक पांढरं पान राहिलं, काळ्या अक्षरांत.

‘हा पान काऊन बनवलो, ते सांगतो. माही माय लहानपणापासून दुसऱ्याच्या बांधीत रोवणा करते. तिले अठरा धानं पातीवरून ओळखता येतेत. ते कुठंच लिहून नव्हतं. ती गेली तर धानाची नावं बी जातील, असं वाटलं. म्हणून बनवलो. – संघदीप सेवकराम शहारे, नवेगाव बांध.’

खाली अठरा धानं, जुन्या ओळींसकट, आणि ‘लेखन’पुढे दोन नावं. आणि सगळ्यात तळाशी बारीक अक्षरांत: ‘यातलं पहिलं वाक्य १८ डिसेंबर २००४ ला बोललो. बाकीची बोलू दिली नाहीत. ज्याने बोलू दिली नाहीत, त्याच्याच नावावर ठेवली आहेत.’

सेठच्या मुलाने पुढे रायपूरहून दोनदा फोन केला. सभ्य माणूस होता. वडील फार मनाला लावून घेतात, नातवाने शाळेत आजोबांच्या दुकानाचं नाव टाकून पाहिलं तर हे पान उघडलं, असं त्याने सांगितलं. संघदीपने ऐकून घेतलं. नातवाने पान वाचलं का, एवढं विचारलं. वाचलं, म्हणाला. बरं झालं, संघदीप म्हणाला.

२०१६ मध्ये गोंदियातच, त्याच सभागृहात, एका कॉलेजाने त्याला घरबसल्या करायच्या कामांवर बोलायला बोलावलं. पोरं खच्चून भरली होती. त्याने पडद्यावर पहिलं ते पान लावलं आणि माइक हातात घेऊन म्हणाला, ‘हा पान काऊन बनवलो, ते सांगतो.’ मागून दोघं-तिघं हसले. तो थांबला. हसू पूर्ण संपेपर्यंत थांबला, आणि मग दीड तास बोलला. कार्यक्रम झाल्यावर एका प्राध्यापकाने विचारलं की नंदश्रीचे ते सेठ आता घराबाहेर पडत नाहीत, दुकानाची पाटीही उतरवली, तर हे पान काढून टाकायला हरकत काय. संघदीपने पुस्तकांचं टेबल आवरायला घेतलं. घरी आल्यावर रश्मीनेही तेच विचारलं, आणि तिला त्याने सांगितलं, की काढीन म्हणून तीनदा बसलो होतो. बसलं की हातातून माइक जातानाचं ते आठवतं, बोटं उघडलेली.

‘नंदलाल’ नावाची फाइल त्याने त्या वर्षी पुसली. तिच्यातलं सगळं पाठ होतं.

मे महिन्यात सूचना आली, अमुक नावाची मुदत संपत आहे. चाळीस नावांच्या सूचना आता येत नव्हत्या, ही नंदश्रीची एकच यायची. दरवर्षी तो एकेका वर्षाने मुदत वाढवायचा. या वेळी त्याने रकाना उघडला आणि पाहिलं, जास्तीत जास्त किती वर्षं देतात. दहा. आतून लीलाबाईने विचारलं, जेवायले येतो का नाही, चिन्नोर केला आहे. आलोच म्हणून त्याने दहा निवडलं आणि बटन दाबलं.